गॅलरीची वरची सळी

मी माझ्या बायकोवर जळत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला उगाच भला माणूस समजणार नाही. कुणी भावकीच्या शेतावर जळतं, कुणी शेजाऱ्याच्या गाडीवर. मी जळलो ते जिनं पंधरा वर्षं माझ्या हाताखाली घमेली वाहिली तिच्यावर. आणि थोडंथोडकं नाही, चांगला वर्षभर जळलो.

मी गवंडी. निपाणीपासून कोगनोळीपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगाला ज्या वाड्या-वस्त्या आहेत, तिथं माझ्या हातची घरं जागोजागी सापडतील. मला कुणी शिकवलं म्हणाल तर माझ्या मेस्त्रीनं शिकवलं, तेही शिव्या देऊन. वीट वाकडी बसली की थापीचा दांडा पाठीत बसायचा, एवढीच शाळा. सिमेंट-वाळूच्या मालात पाणी किती? हाताला लागेल तेवढं. भिंतीवर पाणी किती दिवस मारायचं? मालक विचारील तोवर. असं करत तीस वर्षं गेली आणि लोक मला मेस्त्री म्हणायला लागले.

बायको आधी तंबाखूच्या वखारीत जायची. तिथल्या धुरळ्यानं खोकला धरला म्हणून वखार सोडून माझ्याबरोबर कामाला यायला लागली. तोंडानं गप्प, पण नजर सगळीकडं. मी काय करतोय ते बघायची आणि मधूनच विचारायची, "अवो, कॉलमच्या सळ्यांभवतीची ही रिंग अशी उघडीच का ठेवायची?" मी म्हणायचो, "तू माल आण." ती माल आणायची. आमचं बरं चाललं होतं.

मग एक दिवस पंचायतीतला एक मेंबर चहाच्या टपरीवर फॉर्म घेऊन आला. बेळगावात गवंड्यांसाठी ट्रेनिंग निघालंय, दीड महिन्याचं, सर्टिफिकेट मिळणार, गावातनं एक माणूस पाहिजे. "मेस्त्री, तुमचं नाव घालतो," म्हणाला. टपरीवर दहा माणसं. मला हसूच फुटलं. म्हटलं, "मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय. हिला न्या की, हिला लई प्रश्न पडत्यात." सगळे खो खो हसले. ती बाजूला उभी होती, पदराला हात पुसत. हसली नाही. मेंबरला म्हणाली, "बायका घेत्यात व्हय?"

मेंबरनं कागद उलटासुलटा करून बघितला. घेत होते.

तुम्हाला वाटेल मी अडवलं असेल. नाही अडवलं. मला वाटलं आठ दिवसांत रडत येईल. लेक लग्न होऊन संकेश्वरला गेलेली, घरात आम्ही दोघंच. ती बेळगावात मामाकडं जाऊन राहिली आणि मी इथं रोज करपलेला भात खात, ती कधी परत येते याची वाट बघत बसलो. ती आली ती दीड महिना पुरा करूनच. बरोबर एक पिवळं हेल्मेट, एक वही आणि खडेबाजारातनं स्वतःसाठी घेतलेला पितळेचा ओळंबा. भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधतात तो ओळंबा. माझा लोखंडी, वीस वर्षांचा, गंजलेला. तिचा लखलखीत. तिनं तो चुलीवरच्या फळीवर, माझ्या ओळंब्याशेजारी ठेवला आणि तिथनं माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते लागलंच.

पहिली ठिणगी पडली ती एका रिटायर मास्तरांच्या घरी. वाळू मी पसंत केलेली, मुठीत दाबून. बायको काचेची बरणी घेऊन आली. अर्धी बरणी वाळू घातली, वर पाणी ओतलं, हलवली आणि कट्ट्यावर ठेवून दिली. तासाभरानं मास्तरांना हाक मारली. खाली वाळू बसलेली आणि वर बोटभर मातीचा थर. "माती लई हाय सर. धुऊन घेटल्याबिगर वापरू नगा, गिलावा पापडागत सुटंल." मास्तर बरणीकडं बघतात, मग माझ्याकडं बघतात. आता काय सांगू तुम्हाला! तीस वर्षांची माझी मूठ त्या बरणीनं खोटी पाडली. मी म्हटलं, "वाळूवाल्यानं फसवलं." खरं तर फसवलंबिसवलं काही नव्हतं. मी तशीच वाळू कायम घेत आलो होतो.

मास्तरांनी स्वयंपाकघराची भिंत हिच्या हाताला दिली. ती विटा आदल्या दिवशी भिजत घालायची. भिंतीवर पोती गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची, मालकानं विचारो न विचारो. रिंगांची टोकं आतल्या अंगाला वळवायची. मी लांबनं बघायचो आणि दात खायचो. एका दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा "हात धुऊन येतो" म्हणून मी मागच्या अंगानं आत शिरलो. माझा ओळंबा काढला आणि तिच्या भिंतीला लावला. देवाशपथ सांगतो, मनात म्हणत होतो, सूतभर तरी बाहेर निघू दे रे बाबा. एका कोपऱ्याला लावला. दुसऱ्या कोपऱ्याला लावला. मधे लावला. दोरी आणि भिंत यांच्यात वरपासून खालपर्यंत सारखंच अंतर. मी ओळंबा खिशात कोंबला आणि येऊन जेवलो. अर्धी भाकरी तशीच ठेवली.

तिनं विचारलं, "काय झालं?"

"मीठ जास्त पडलंय," म्हटलं. मीठ बरोबर होतं.

पुढच्या पावसाळ्यात मास्तरांच्या घराच्या मी बांधलेल्या दोन भिंतींना ओल आली. तिची भिंत कोरडी ठणठणीत. मग काय विचारता! मास्तर म्हणजे गावचा रेडिओ. लोकांचे फोन यायला लागले. फोन माझ्या नंबरवर, आणि विचारणार, "मेस्त्री, काम हाय. पण वैनी येणार न्हवं?" मी म्हणायचो, "येईल की." फोन ठेवला की तो भिंतीवर आपटावा असं वाटायचं. ती बिचारी माझ्याशी होती तशीच. चहा आधी मला, मग स्वतःला. लोकांसमोर "ह्यांस्नी इचारा" असंच म्हणायची. त्यानं तर मी आणखी पेटायचो. भांडली असती तर बरं झालं असतं.

तिच्या वहीत चित्रं होती, खाली कानडीत आणि मराठीत लिहिलेलं. एकदा तिनं मला गॅलरीचं चित्र दाखवलं. मी बघत नाही म्हटल्यावर उसाचं कांडं आणलं, एक टोक ट्रंकेखाली दाबलं आणि बाहेरचं टोक खाली रेटलं. कांडं वरच्या अंगाला तडकलं. "बघा. फाटलं कुठनं? वरनं. गॅलरी बी भिंतीतनं अशीच भाएर आल्याली आस्ती. म्हणून तिची सळी वरच्या अंगाला पायजे. माल टाकताना सळीवर पाय पडून ती खाली बसली, तर सळी आसून नसल्यागत." म्हणून सळीखाली चेअर ठेवायच्या. चेअर म्हणजे सळीचाच तुकडा वाकवून केलेली छोटी बैठक, वरच्या सळीला खाली बसू न देणारी. मी म्हटलं, "आमी चेअरबिगर शंभर गॅलऱ्या घाटल्या." तिनं उसाचे दोन तुकडे केले आणि एक मला दिला. आम्ही तो खाल्ला. म्हणजे मला हे माहीत होतं. पुढचं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

माझ्या थोरल्या बहिणीनं घर काढलं. आक्का माझी. मला आईच्या जागी. मी मनात म्हटलं, चला, इथं तरी मेस्त्री मीच. पायाच्या पूजेला आक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "राग धरू नगंस रं. भिंती तू बांध. पर स्लॅबचं आणि गॅलरीचं तिच्या नजरंखाली होऊ दे. मास्तरांच्यातली भिंत मी हात लावून बघून आल्ये." माझी सख्खी बहीण! मी हसून "बरं" म्हटलं. ते हसू कसं आणलं ते माझं मला ठाऊक.

त्याच महिन्यात बेळगावातनं तिला फोन आला. बायकांची नवी बॅच निघणार होती आणि ते तिला शिकवायला बोलावत होते. आक्काचं घर झालं की जायचं ठरलं. ती माझी बायको, सातवी नापास, लोकांना शिकवणार. फोन ठेवल्यावर तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "चांगलं हाय." आणि उठून बाहेर जाऊन बसलो.

स्लॅबचा दिवस उजाडला. आमच्याकडं स्लॅब म्हणजे सणच. मिक्सरला हळद-कुंकू, लिंबू-मिरची, नारळ फुटणार, आणि काम संपलं की मालकानं सगळ्यांना मटण घालायचं. त्या रश्श्याच्या वासावर माणसं दुप्पट पळतात. ती पहाटेपासून वर. सळ्या तपासल्या, गॅलरीत एका हाताच्या अंतरानं चेअर ठेवल्या, मालात पाणी ओतणाऱ्याला दोनदा थांबवलं. मोठा स्लॅब होत आला आणि गॅलरी तेवढी राहिली. अर्धी तिनं उभं राहून भरून घेतली. तेवढ्यात खालनं आक्काची हाक आली, "अगं, रश्श्याचं तिखटमीठ तू बघून जा, मला अंदाज येईना."

ती म्हणाली, "एवढं संपवून येते."

मी म्हटलं, "जा की. नणंद बोलावत्या. गॅलरी मी बघतो." आता घरात ती आधी सून, मग मेस्त्री. पदर सावरत खाली उतरली.

बिगारी म्हणाले, "मेस्त्री, ह्या चेअर पायात येत्यात, घमेलं घिऊन पडाय होतंय." मी चेअरकडं बघितलं. उसाचं कांडं डोळ्यांसमोर आलं, खोटं कशाला बोलू. आणि तरी मी म्हटलं, "काढा त्या. आमी काय आज गवंडी झालो न्हाय." त्यांनी काढून वाळूच्या ढिगावर फेकल्या. सळीवर पाय पडत गेले, सळी खाली बसत गेली, मी बघत उभा राहिलो. ती परत येईपर्यंत वरनं माल सपाट झाला होता. "झालं?" म्हणाली. "झालं," म्हटलं. मग आम्ही जेवलो. रस्सा फक्कड झाला होता. सगळ्यांनी तिची तारीफ केली, आधी स्लॅबची आणि मग रश्श्याची.

गॅलरीचे टेकू तिनं सगळ्यात शेवटी काढायला लावले, पाणी मारून मारून चांगले दिवस गेल्यावर. टेकू निघाले तसा कर्र असा बारीक आवाज झाला. भिंतीला लागून, गॅलरीच्या वरच्या अंगाला, केसासारखी चीर उमटली आणि डोळ्यांदेखत रुंद झाली. अर्ध्या गॅलरीला चीर, अर्धी जशीच्या तशी. पण त्या घाईत ते कोण बघतंय! ती ओरडली, "टेकू लावा परत! आक्का, भाएर या!" टेकू लावले. कुणाला काही झालं नाही.

पण गर्दी जमायची ती जमलीच. "बाईमाणसाच्या हातची गॅलरी." "सर्टिफिकेटावर घर हुबं ऱ्हातंय व्हय?" मास्तरसुद्धा आले आणि नुसती मान हलवली. एकजण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मेस्त्री, तुमचा हात लागला असता तर असं झालं नसतं." वर्षभर मी या एका वाक्यासाठी तडफडलो होतो. खरं सांगतो, ऐकून क्षणभर गोड वाटलं.

ती घरी आली आणि वही काढून बसली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही वहीच. तेच पान, तेच चित्र. बोटानं सळी मोजायची. दुपारी मला म्हणाली, "अवो, तुमी सांगा. सळी मी वरच बांधली हुती न्हवं? चेअर ठेवल्या हुत्या न्हवं? मला आता माझीच खात्री वाटंना झालीया." मी उठून माठातलं पाणी ओतून घेतलं. "जाऊ दे. बेळगावला फोन करत्ये. येत न्हाय म्हणून सांगत्ये. मी काय तोंडानं शिकवू?" तिनं नंबर काढला.

बरोबर असणारी बाई माझ्यापुढं बसून स्वतःवर शंका घेत होती, आणि ती शंका मी दिलेली होती. मी फोन तिच्या हातातनं काढून घेतला. "चल," म्हटलं, "आक्काकडं."

आक्काच्या दारात चारपाच माणसं होतीच. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिची चूक न्हाय. हिनं चेअर ठेवल्या हुत्या. ही खाली गेल्यावर मी त्या काढायला लावल्या."

तो पाठीवर हात ठेवणारा म्हणाला, "बघा, ह्याला म्हणत्यात नवरा! बायकोची चूक अंगावर घेतुया." मास्तर म्हणाले, "मोठ्या मनाचा माणूस." आक्कानं डोळ्याला पदर लावला. च्यायला! खरं बोललो तर माझंच नाव वर! मी वळून बायकोकडं बघितलं, निदान तिला तरी पटलं असेल म्हणून. तिलाही नव्हतं पटलं. ती माझ्याकडं असं बघत होती, असं बघत होती, की लग्नाला एवढी वर्षं झाली पण त्या नजरेनं तिनं मला कधी बघितलं नव्हतं. हलकेच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. माझ्यासाठी कशाला कमीपणा घेताय."

मी गप्प बसलो असतो तर ती नजर जन्मभर माझी होती. आणि तिचं नाव जन्मभर मातीत.

मी घण उचलला. टेकू होतेच. वर चढलो आणि जिथं चीर होती तिथं घाव घातले. सिमेंट उडालं, सळी उघडी पडली. पार तळाला. मग दुसऱ्या अर्ध्या अंगाला गेलो, जिथं चीर नव्हती, जिथं ती स्वतः उभी होती. तिथंही वरनं थोडं फोडलं. सळी वरच. तिच्याखाली चेअर जशीच्या तशी. मग खाली उतरून वाळूच्या ढिगात हात घातला आणि एक एक चेअर काढून त्यांच्यापुढं टाकली. पाच निघाल्या. "पटलं का आता?" मी ओरडलो. "हिच्यावर जळून केलं मी! पटलं?"

कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. आक्का उठून आत गेली.

बायको वर चढली. उघड्या पडलेल्या सळीला हात लावला, मग पलीकडच्या चेअरला. बराच वेळ हात तिथंच. "म्हंजे माझं न्हवतं चुकलं," ती म्हणाली, आणि चक्क हसली. मोठ्यानं, मोकळी होऊन हसली. मग तिनं खाली माझ्याकडं बघितलं, आणि ती आधीची नजर कुठं म्हणून उरली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती परत सळी मोजायला वळली.

गॅलरी सगळी पाडली आणि परत घातली. ती बेळगावला जायच्या आदल्या आठवड्यात. आक्कानं यावेळी हाक मारली नाही, मटणही मांडलं नाही. बायको पिवळं हेल्मेट घालून गॅलरीच्या तोंडाशी उभी राहिली ती शेवटपर्यंत हलली नाही. मी माल वाहिला. घमेलं खांद्यावर घेऊन फळीवरनं वर आलो, आणि अजूनही सांगतो, तिला तिथं हुकूम सोडताना बघून पोटात दुखलंच. माझं दुखणं काही गेलेलं नाही.

मी माल ओतायला पाय पुढं टाकला. तिनं हात आडवा केला.

"पाय बघून टाका," ती म्हणाली. "खाली चेअर हाईत."

मी पाय बघून टाकला.